ऐकून शिकणाऱ्यांचा इतिहास : कीर्तनापासून बोलत्या फोनपर्यंत

एका साध्या हिशेबाने सुरुवात करू या. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात रोहणा हे गाव आहे. पुलगावहून आर्वीकडे जाताना ते लागते. या गावात, किंवा आपली शाळा ज्या गावात आहे तिथे, आज ७५ वर्षांच्या एक आजी राहतात असे समजा. त्यांचा जन्म १९५० च्या आसपासचा. १९५१ च्या जनगणनेत भारतातील स्त्रियांची साक्षरता ८.८६ टक्के होती. आजी शाळेत जायच्या वयाच्या झाल्या तेव्हा, म्हणजे १९६१ च्या जनगणनेत, ती १५.३५ टक्के झाली. याचा अर्थ, त्या काळी शंभरातल्या सुमारे ८५ मुलीबायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. खेड्यात हे प्रमाण याहून वाईट होते.

पुढे शाळा वाढल्या, मुली शिकू लागल्या. पण ज्यांचे शाळेचे वय निघून गेले त्यांचे ते निघूनच गेले. आज त्याच पिढीला मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी, मोतीबिंदू यांना तोंड द्यावे लागते आहे. गोळ्यांच्या पाकिटावरचा मजकूर, दवाखान्यातला कागद, भिंतीवरची सूचना हे सारे वाचणाऱ्यांसाठी लिहिलेले असते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती. त्यांतल्या किती जणांना आपल्याच औषधाची चिठ्ठी वाचता येत नसेल, याचा अंदाज वरच्या आकड्यांवरून करता येईल.

अशा आजींच्या हाती आता नातवाचा फोन येतो. त्यावर बोट ठेवून बोलायचे, की फोन ऐकतो आणि उत्तरही बोलून देतो. अक्षरओळख लागत नाही. कधीही शाळेत न गेलेल्या माणसाला थेट प्रश्न विचारता यावा, ही गोष्ट लहान नाही. पण फोनला प्रश्न नीट ऐकू आला का? तो समजला का? उत्तर बरोबर आहे का? आणि चुकले तर जबाबदार कोण? हे प्रश्न नव्या यंत्रामुळे नव्याने पुढे आले असले, तरी कानाने आरोग्य शिकवण्याचा प्रयत्न आपल्याकडे बराच जुना आहे. म्हणून आधी थोडे मागे जाऊ.

आवाज हेच पुस्तक

छापील कागद गावात पोचण्याआधी बातमी आवाजानेच पोचत असे. कोतवाल दवंडी पिटायचा. पटकीची साथ असो की देवी टोचणारा माणूस येणार असो, दवंडीनेच ते कळायचे. दवंडीत एक मोठी उणीव होती : ती फक्त सांगायची. ऐकणाऱ्याला शंका आली तर विचारायची सोय नव्हती.

ही उणीव भरून काढणारी एक पद्धत वऱ्हाडात घडली. रोहण्याच्या पश्चिमेला वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. याच जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे १८७६ मध्ये गाडगे महाराजांचा जन्म झाला. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, हा त्यांचा परिपाठ सर्वांना माहीत आहे. शिक्षकांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट वेगळी आहे. त्यांचे कीर्तन म्हणजे एकट्याचे भाषण नसे. ते समोरच्या माणसांना प्रश्न विचारत, लोक एकसुरात उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. स्वच्छता, दारू, मुलांचे शिक्षण असे विषय लोकांच्याच तोंडून वदवून घेतले जात. भाषाही लोकांच्या घरातली, वऱ्हाडी. त्याच जिल्ह्यातल्या मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या साथीने हेच काम भजनांतून केले. त्यांच्या ‘ग्रामगीते’त गावाच्या आरोग्याचा विचार आवर्जून आलेला आहे.

म्हणजे निरक्षर माणसाला शिकवण्यासाठी तीन गोष्टी लागतात, हे वऱ्हाडाने अनुभवातून ओळखले होते : त्याची स्वतःची भाषा, प्रश्नोत्तर, आणि सांगणाऱ्यावरचा विश्वास. या तीन कसोट्या आपण हाताशी ठेवू. पुढच्या प्रत्येक यंत्राला त्या लावून पाहता येतील.

रेडिओ आणि दीडशे गावे

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. विदर्भाला स्वतःचे केंद्र मिळाले ते स्वातंत्र्यानंतर : आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. पण रेडिओही दवंडीसारखाच, एका बाजूने बोलणारा. त्यातून माणसे खरेच शिकतात का, हे तपासायला हवे होते. तशी तपासणी झाली, आणि ती महाराष्ट्रात झाली.

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी भाषक जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात बारा ते वीस माणसांचे श्रोता मंडळ नेमले. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, अर्ध्या तासाचा खास कार्यक्रम लागायचा. शेती, आरोग्य, साक्षरता, गावचा कारभार असे विषय असत. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून मंडळ चर्चा करायचे. मंडळाचा एक निमंत्रक असे. त्याने चर्चेचा वृत्तान्त आणि लोकांच्या शंका पुण्याला कळवायच्या, आणि पुढच्या कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे मिळायची.

प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. पॉल न्यूरॅथ हे समाजशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख होते. त्यांनी तुलनेसाठी आणखी दोन प्रकारची गावे घेतली : जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते अशी, आणि जिथे रेडिओही नव्हता अशी. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना प्रश्न विचारून किती माहिती वाढली ते मोजले. विज्ञानाच्या शिक्षकांना ही मांडणी ओळखीची वाटेल. तुलनेसाठी नियंत्रित गट ठेवून केलेला हा प्रयोग होता.

निष्कर्ष स्पष्ट निघाला. मंडळ असलेल्या गावांत माहिती बरीच वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ त्या मानाने थोडी होती. म्हणजे आवाज तोच, कार्यक्रमही तेच. फरक होता तो ऐकल्यानंतर बोलण्याचा. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. ऐका, चर्चा करा, कृती करा, हे तिचे सूत्र होते.

सेवाग्रामची वाट

वर्धा जिल्ह्यात याच काळात दुसऱ्या बाजूने काम चालू होते. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांच्या प्रयत्नांतून कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले आणि १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी खेड्यात मुक्काम करायचा, घरोघर जाऊन माणसांशी बोलायचे, हा तिथल्या शिक्षणाचाच भाग ठरवला गेला. पुढे १९८० च्या दशकात आसपासच्या गावांत आरोग्यविम्याची एक योजना चालली. तिची वर्गणी पैशांऐवजी सुगीच्या वेळी ज्वारीच्या रूपात देता येत असे. योजनेच्या मुळाशी गावातलाच आरोग्यसेवक होता. डॉक्टर ठरावीक दिवशी यायचे. रोज प्रश्न विचारायला आपल्याच गावचा माणूस असायचा.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यातून ‘आशा’ कार्यकर्ती गावोगाव आली. तिचे बळ तिच्या थैलीतल्या गोळ्यांपेक्षाही तिच्या बोलण्यात असते. ती त्याच गावची असते, तीच बोली बोलते, आणि ‘परवा सांगितलं ते केलं का?’ असे पुन्हा येऊन विचारते. आपल्या तिन्ही कसोट्यांना ती उतरते. अडचण एवढीच, की ती एक असते आणि घरे शेकडो असतात. रात्री दोन वाजता तिला उठवायला माणसाला संकोच वाटतो. फोन मात्र कधीच झोपत नाही. त्याचे आकर्षण इथेच आहे.

यंत्राला कान फुटले

आता यंत्राच्या इतिहासाकडे वळू. यंत्राला बोलायला शिकवणे तुलनेने सोपे होते. वोल्फगांग फॉन केम्पेलेन याने भाता आणि चामड्याच्या नळ्या वापरून शब्द उच्चारणारे यंत्र बनवले आणि १७९१ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल प्रयोगशाळेचे ‘व्होडर’ हे विजेवर चालणारे यंत्र लोकांसमोर बोलले. ते वाजवायला पेटीसारखी बोटे चालवावी लागत.

ऐकणे मात्र फार अवघड निघाले. १९५२ साली बेल प्रयोगशाळेनेच ‘ऑड्री’ हे यंत्र केले. शून्य ते नऊ एवढे आकडे त्याला ओळखता येत, तेही ज्या माणसाच्या आवाजाशी ते जुळवून घेतले असेल त्याचे. १९६२ च्या सिएटलच्या प्रदर्शनात आयबीएमने ‘शूबॉक्स’ दाखवला. त्याची झेप सोळा शब्दांची. १९७६ मध्ये अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘हार्पी’ तयार झाले. त्याला १,०११ शब्द कळत. या विद्यापीठातले हे काम उभे करणारे राज रेड्डी हे मूळचे आंध्र प्रदेशातले. त्यांना पुढे १९९४ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

दहा शब्दांपासून हजार शब्दांपर्यंत यायला चोवीस वर्षे लागली. असे का, हे समजण्यासाठी यंत्र कसे ऐकते ते पाहू. मायक्रोफोन हवेतल्या कंपनांचे विजेच्या चढउतारांत रूपांतर करतो. यंत्र हे चढउतार सेकंदाला ठरावीक वेळा, बहुधा १६,००० वेळा, मोजते. मग या आकड्यांचे एका सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंप्रतेचा जोर किती आहे ते काढते. त्यावरून हा ‘आ’ असावा की ‘ओ’, ‘स’ असावा की ‘श’, याचा अंदाज बांधते. हा अंदाजच असतो, कारण कोणतीही दोन माणसे ‘आ’ सारखा म्हणत नाहीत. म्हणून यंत्र दुसराही आधार घेते : कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे. ‘पोटात’ यानंतर ‘दुखतं’ येईल, ‘उगवतं’ येणार नाही.

१९७० च्या दशकात हे अंदाज संख्याशास्त्राने बांधण्याची पद्धत रुजली. २०१० नंतर ‘न्यूरल नेटवर्क’ या पद्धतीने, हजारो तासांचे बोलणे ऐकवून, यंत्रांना शिकवले जाऊ लागले आणि चुका झपाट्याने कमी झाल्या. ऑक्टोबर २०११ मध्ये अ‍ॅपलच्या फोनमध्ये ‘सिरी’ आली, २०१४ मध्ये अ‍ॅमेझॉनची ‘अ‍ॅलेक्सा’ आणि २०१६ मध्ये ‘गूगल असिस्टंट’.

इथे एक सूत्र हाती लागते. यंत्र ज्यांचे बोलणे ऐकून शिकले, त्यांचे बोलणे त्याला चांगले कळते. बाकीच्यांचे कमी कळते.

साठ की आठ?

हे सूत्र वृद्धांना लावून पाहू. उतारवयात आवाज थरथरतो, श्वास पुरत नाही, दात पडल्याने किंवा कवळीमुळे उच्चार सैल होतात. वाक्याच्या मध्येच थांबून शब्द आठवावा लागतो. यंत्राच्या लेखी मात्र थांबणे म्हणजे बहुधा संपणे. त्यामुळे आजी ‘माझ्या… छातीत…’ एवढे म्हणून थांबल्या, की ते तेवढ्यावरच उत्तर द्यायला लागते. तरुण आवाजांवर शिकलेल्या यंत्रांच्या चुका वृद्धांच्या बाबतीत अधिक होतात, असे निरनिराळ्या भाषांतल्या पाहण्यांत दिसून आले आहे.

दुसरी अडचण उलट दिशेची आहे : उत्तर ऐकण्याची. वाढत्या वयात कानाची शक्ती सर्व स्वरांसाठी सारखी कमी होत नाही. आधी उच्च कंप्रतेचे आवाज जातात. भाषेतले स्वर, म्हणजे अ, आ, ओ, हे खालच्या कंप्रतेत असतात. ते ऐकू येत राहतात. ‘स’ची बरीचशी ऊर्जा मात्र ४,००० हर्ट्झच्या वर असते. म्हणून आजोबा म्हणतात, ‘ऐकू येतं, पण समजत नाही.’ हे गाऱ्हाणे शास्त्रीयदृष्ट्या अगदी अचूक आहे.

यात भर म्हणजे जुन्या टेलिफोनची रचना. तो साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवत असे. एका तारेवरून अनेक संभाषणे नेता यावीत म्हणून केलेली ही काटकसर होती. तिच्यात ‘स’चा मोठा भाग कापला जायचा. नव्या फोर-जी कॉलमध्ये हा पट्टा बराच रुंद झाला आहे; पण म्हाताऱ्या कानाचा पट्टा काही रुंद होत नाही.

आता मराठीतले दोन शब्द घ्या : साठ आणि आठ. फरक फक्त एका ‘स’चा. आणि आरोग्याच्या बोलण्यात आकडे तर सतत येतात. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली तर ती कमी समजतात. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, आणि अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला ताबडतोब साखर द्यावी लागते. ‘शुगर साठ आली’ हे त्यामुळे घाईचे वाक्य आहे. ‘शुगर एकशे साठ आली’ हे, जेवणानंतरचे असेल तर, घाईचे नाही. बोलताना किंवा ऐकताना ‘एकशे’ गळाले, तर उपाय अगदी उलटा होतो. एका अक्षराच्या मागे एवढे काही अडकलेले असते.

यंत्र मराठी शिकते

मराठी ऐकणारी यंत्रे बनवण्याचे काम आपल्याकडे कंपन्यांच्या आधीपासून चालू आहे. २०१० च्या सुमारास केंद्र सरकारच्या मदतीने अनेक संस्थांनी मिळून एक प्रकल्प हाती घेतला. शेतकऱ्याने फोन करून आपल्या भाषेत पिकाचे आणि बाजाराचे नाव सांगायचे, यंत्राने त्या दिवसाचा भाव बोलून सांगायचा. सहा भाषांमध्ये मराठीही होती. मराठीच्या कामात मुंबईच्या आयआयटीचा आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सहभाग होता. त्यासाठी राज्याच्या निरनिराळ्या भागांतल्या शेतकऱ्यांचे आवाज गोळा करावे लागले, कारण कोकणातला आणि वऱ्हाडातला शेतकरी एकाच पिकाचे नाव एकाच पद्धतीने उच्चारत नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलच्या शोधयंत्रात मराठीतून बोलून शोधण्याची सोय झाली, आणि २०१८ मध्ये गूगल असिस्टंट मराठी बोलू लागला. जुलै २०२२ मध्ये सरकारच्या ‘भाषिणी’ या उपक्रमाचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा आणि गूगलचा ‘वाणी’ प्रकल्प जाहीर झाला. देशातल्या प्रत्येक जिल्ह्यातून बोलण्याचे नमुने गोळा करणे हे त्याचे उद्दिष्ट. ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगलची संभाषण करणारी नवी प्रणाली ‘जेमिनी लाइव्ह’ मराठीत येणार असल्याचे जाहीर झाले.

तरीही रोहण्याची मराठी ही पाठ्यपुस्तकाची मराठी नाही. वऱ्हाडीत ‘मला’चे ‘मले’ होते, ‘पाणी’चे ‘पानी’ होते, आणि ‘ळ’ बऱ्याचदा ‘य’ होतो : डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया. मग छातीत कळ येते हे सांगताना आजी ‘छातीत कय येऊन रायली’ असे म्हणतात. यात अशुद्ध काही नाही. ही त्या भागाची नियमबद्ध बोली आहे. पण प्रमाण मराठीवर शिकलेल्या यंत्राला ‘कय’ हा शब्दच भेटलेला नसेल, तर ते त्याच्या जवळचा, आपल्याला ठाऊक असलेला एखादा शब्द बसवून मोकळे होते. आणि आपण शब्द बदलला हे ते सांगत नाही.

शब्द ऐकू आला तरी अर्थ उरतोच. ‘जीव घाबरतो’ हे वाक्य पाहा. मराठी घरात त्याचा अर्थ निव्वळ भीती असा होत नाही. छातीत कसेसेच होणे, श्वास अपुरा पडणे, घाम येणे, हे सारे त्यात येते. वृद्धांमध्ये, स्त्रियांमध्ये आणि मधुमेही माणसांत हृदयविकाराचा झटका पुष्कळदा छातीतल्या ठसठशीत वेदनेशिवाय, अशाच अस्वस्थतेने येतो. यंत्राने ‘घाबरणे’ याचा अर्थ भीती एवढाच घेतला, तर ते शांत बसायला आणि दीर्घ श्वास घ्यायला सांगेल. शेजारची अनुभवी बाई मात्र १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायला सांगेल.

एकच उत्तर, कोणाचे?

ही भीती अनाठायी आहे का? काही पाहण्या पाहू. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या वेळच्या चार बोलत्या सहायकांना संकटाची वाक्ये ऐकवली होती. ‘मला हृदयविकाराचा झटका आला आहे’ हे ऐकून फक्त सिरीने तातडीच्या मदतीकडे वळवले. बाकीच्या तिघांना ते कळले नाही. ‘माझं डोकं दुखतंय’ यावर एका सहायकाचे उत्तर होते, ‘ते तुमच्या खांद्यावर आहे.’

२०१८ च्या दुसऱ्या अभ्यासात ५४ माणसांना औषधे आणि तातडीचे प्रसंग यांविषयी बोलत्या सहायकांना प्रश्न विचारायला सांगितले. एकूण ३९४ कामांपैकी १६८ कामेच पुरी झाली. त्या १६८ पैकी ४९ वेळा माणसांनी जे करायचे ठरवले त्यातून अपाय होऊ शकला असता, आणि २७ वेळा तो जिवावर बेतू शकला असता. हे दोन्ही अभ्यास इंग्रजीतले, आणि यंत्रे त्यानंतर पुष्कळ सुधारली. पण बोलणारी माणसे इंग्रजी सहज बोलणारी होती, हेही विसरू नये.

नोव्हेंबर २०२२ नंतर चॅटजीपीटीसारख्या प्रणाली आल्या. त्या तयार उत्तर शोधून वाचून दाखवत नाहीत. शब्दामागून शब्द जुळवून नवे उत्तर रचतात. त्यांचे बोलणे ओघवते असते. अर्थ समजण्यातही त्या आधीच्या यंत्रांपेक्षा पुष्कळ सरस आहेत. पण चुकीचे उत्तरही त्या तितक्याच ठामपणे देऊ शकतात. आवाजात संकोच नसतो, चेहऱ्यावर शंका नसते.

इथे बोलण्यात आणि वाचण्यात एक महत्त्वाचा फरक आहे. कागदावर किंवा पडद्यावर आपण चार उत्तरे शेजारी ठेवून पाहतो, कोणी लिहिले ते बघतो, मागे जाऊन पुन्हा वाचतो. आवाज बहुधा एकच उत्तर देतो, आणि ते हवेत विरून जाते. म्हणून ‘हे कोण सांगत आहे?’ हा प्रश्न इथे जास्त महत्त्वाचा ठरतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने जुलै २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनशी करार जाहीर केला, त्यामागे हाच विचार होता : वृद्ध आणि अंध माणसांनी अ‍ॅलेक्साला आजाराविषयी विचारले, तर उत्तर आरोग्यसेवेच्या तपासलेल्या मजकुरातून यावे. त्याच वेळी दुसरी शंकाही तिथे उठली. आपल्या आजारांचे प्रश्न एका व्यापारी कंपनीच्या कानावर जातात, त्यांचे पुढे काय होते?

माणसे यंत्रावर किती चटकन विश्वास टाकतात हे तर १९६६ मध्येच दिसले होते. जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा संगणक-कार्यक्रम लिहिला. तो माणसाचेच वाक्य थोडे फिरवून प्रश्न म्हणून परत विचारायचा. समजत त्याला काहीच नव्हते. तरी लोक त्याला मनातले सांगू लागले. खुद्द वायझेनबाउम यांच्या सचिव बाईंनी, आपण एलायझाशी बोलत असताना त्यांनी खोलीबाहेर जावे, असे सुचवले. या अनुभवाने ते इतके अस्वस्थ झाले की पुढे यंत्राच्या मर्यादांविषयी लिहिणे हे त्यांच्या आयुष्याचे काम झाले. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना तर कोणीतरी ‘ऐकते’ याचेच मोल फार असते.

आपण काय करायचे?

फोन वापरू नका, असे आजींना सांगणे चूक आहे आणि निरुपयोगीही. पथ्य काय, गोळी जेवणाआधी की नंतर, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत काय करतात, हे विचारण्याची संधी त्यांना आयुष्यात प्रथमच मिळते आहे. त्यांच्या हक्काची गोष्ट आहे ती. आपल्या तीन कसोट्यांपैकी प्रश्नोत्तराची कसोटी फोन बऱ्यापैकी पार करतो. भाषेच्या बाबतीत तो अर्ध्या वाटेवर आहे. विश्वासाच्या बाबतीत मात्र तो आपण होऊन काहीच सिद्ध करत नाही. ती बाजू माणसांनी सांभाळावी लागते. १९५६ च्या पुण्याच्या प्रयोगाने हेच दाखवले : आवाजाच्या भोवती बोलणारी माणसे बसली, की आवाज शिकवू लागतो.

शाळेतून हे करता येण्यासारखे आहे. आठवी-नववीच्या मुलांनी पुढील उपक्रम करून पाहावेत.

पहिला : घरातल्या आणि शेजारच्या वृद्धांकडून आजाराचे शब्द गोळा करा. घेरी, भोवळ, कळ, चमक, मुंग्या, जीव घाबरणे, पोटात गुबारा धरणे. प्रत्येक शब्दाचा त्यांच्या मते अर्थ काय, तो लिहा. मग तेच वाक्य फोनला ऐकवा आणि पडद्यावर काय उमटते ते शेजारी लिहा. बोलीचा हा तक्ता आशाताईंना आणि आरोग्यकेंद्राच्या डॉक्टरांना दाखवा.

दुसरा : ‘साठ-आठ’, ‘सात-हात’, ‘पंधरा-पन्नास’ अशा जोड्या दाराआडून हळू आवाजात म्हणा. ऐकणाऱ्याने काय ऐकले ते लिहायचे. दहा-दहा वेळा करून चुकांची टक्केवारी काढा. मग तोच प्रयोग आजी-आजोबांबरोबर करा. आकडा सांगताना ‘साठ, सहावर शून्य’ असे सांगण्याची सवय का चांगली, हे मुलांना आपोआप कळेल.

तिसरा : आठवड्यातून एकदा नातवंडाने आजीबरोबर बसून तिचा एक प्रश्न फोनला विचारायचा. उत्तर ऐकून तीन गोष्टी बोलायच्या : हे कोणाच्या आधाराने सांगितले? आपल्या आजीला, तिच्या चालू औषधांसह, ते लागू आहे का? आणि खात्री कोणाकडे करायची? डॉक्टरांनी दिलेली गोळी फोनच्या सांगण्यावरून बंद करायची नाही, मात्रा बदलायची नाही, हा नियम पक्का ठेवा. छातीत दुखणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे या वेळी फोनला प्रश्न विचारत बसू नये. त्याच फोनवरून १०८ लावावा. हा आकडा मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहून ठेवा, आणि ज्यांना आकडेही वाचता येत नाहीत त्यांना तो लावायला शिकवा. एक, शून्य, आठ ही तीन बटणे कुठे आहेत ते बोटाने दाखवून, दोनचार वेळा सराव करून घेतला की पुरे.